मंत्रीजी येणार म्हणून धुतलेली पेटी

मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक परवा घरी आले आणि म्हणाले, "काकू, नोकरीच्या आठवणी लिहा. फक्त उंदरांचं जरा कमी येऊ द्या. लोक फराळ करता करता वाचतात." आता मला सांगा, जिची उभी नोकरी उंदरांत गेली तिने उंदीर वगळून काय लिहावं? सरकारी टेबलाचा रंग? मी त्यांना चिवडा दिला, चहा दिला, हो हो म्हटलं आणि ते फाटकाबाहेर पडल्यावर हे लिहायला बसले. ज्यांना किळस येते त्यांनी पुढचं पान उलटावं. तिथे पाककृती असतीलच.

तर मी सुनंदा वानखडे. माहेर वर्धा, सासर रायपूर, नवरा रेल्वेत. माझी नोकरी एका सरकारी संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात, टेक्निशियन म्हणून. प्राणिगृह म्हणजे प्रयोगासाठी लागणारे पांढरे उंदीर, ससे वगैरे जिथे ठेवतात ती इमारत. त्यांचं खाणंपिणं, बाळंतपणं, आजारपणं पाहायची आणि प्रयोग संपला की पुढचं कामही करायचं. त्या पुढच्या कामाबद्दल नंतर सांगते. ब्राह्मणपाऱ्यात आम्ही राहायला आलो तेव्हा हळदीकुंकवाला बायका आधी माझ्या हाताकडे पाहायच्या आणि मग तिळगूळ घ्यायच्या. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सून लॅबमधी हाये," आणि लगेच पावसापाण्याचा विषय काढायच्या.

ओळख वाढली तसे गिऱ्हाईक येऊ लागले. म्हणजे सल्ल्याचे. त्यातले सदर बाजारातले एक सराफ सेठजी मी विसरणार नाही. दुकानात उंदीर झाले होते आणि त्यांनी गादी कुरतडली होती. सेठजी पिंजरा घेऊनच दारात उभे. म्हणाले, "दीदी, रोज एक पकडतो, तरी संपून नाही राहिले." पिंजऱ्यात एक मरतुकडा उंदीर, पाठीवर चावल्याच्या खुणा, शेपटीचं टोक गायब.

मी म्हटलं, "सेठजी, हा तर बाबू आहे. साहेब आत बसला आहे."

त्यांना कळेना. मग समजावून सांगितलं. उंदरांच्या वस्तीत जो वरचढ असतो तो खातो आपल्या वेळेला, अंधारात, निवांत. खालच्यांना त्या वेळी कोणी फिरकू देत नाही. मग ते बिचारे अवेळी बाहेर पडतात आणि भुकेपोटी पिंजऱ्यातही शिरतात. म्हणजे तुम्ही रोज पकडता तो दबलेला उंदीर. दांडगा उंदीर तिजोरीमागे आरामात आहे. सेठजी विचारात पडले. म्हणाले, "मतलब इन्कम टॅक्सवाल्यांसारखंच." मी पिंजरा त्यांच्या हातात परत दिला. सराफासमोर हा विषय आपण वाढवू नये.

हे ज्ञान मला आलं कुठून, ते आता सांगते. तीच खरी गोष्ट आहे.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. भोपाळहून ट्रकच्या ट्रक फायली येत होत्या. काल ज्याला आम्ही "अरे शर्मा" म्हणायचो तो आज डेप्युटी काहीतरी झाला होता. गावात त्या काळात सगळ्यात जोरात धंदा कोणाचा चालला असेल तर पाट्या रंगवणाऱ्यांचा. एका दारावर एका महिन्यात तीन तीन पाट्या बदलल्या जायच्या. खुर्च्या कमी, माणसं जास्त, आणि जो तो दुसऱ्याच्या खोलीत कूलर आहे का ते डोकावून पाहून राहिला होता.

अशा दिवसांत अश्विनी भोयर आमच्याकडे पीएचडी करायला आली. तिचे आजोबा भंडाऱ्याचे, वडील इथेच जन्मलेले. मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीत द्यायची. मला मात्र काकू म्हणायची. बारीक अंगाची, मोठ्या चष्म्याची आणि बोलताना समोरच्याकडे एकटक पाहणारी पोरगी. तिचा प्रश्न ऐकला तेव्हा मी हसलेच. ती म्हणाली, "काकू, मुझे देखना है कि झुंड में जो चूहा ऊपर रहता है, उसके दिमाग में नए सेल ज्यादा टिकते हैं क्या."

त्याचं असं आहे. पूर्वी सगळे समजायचे की जन्माला येताना मेंदू जेवढा मिळाला तेवढाच, पुढे फक्त घट. नंतर कळलं की उंदराच्या मेंदूत एक छोटा भाग असा आहे, आठवणी आणि वाटा लक्षात ठेवणारा, तिथे मोठेपणीही नव्या पेशी जन्मतात. पण जन्मलेल्या सगळ्या टिकत नाहीत. पुष्कळ मरून जातात. कोणाच्या जास्त टिकतात आणि काहून, हे अश्विनीला मोजायचं होतं. मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं तर त्यांनी पेपर खाली करून विचारलं, "माणसातबी होते का?" मी म्हटलं, "त्याच्यावर वाद चालू हाये. तुम्ही आशा सोडू नका."

हे पाहायला साधा पिंजरा चालत नाही. एकेका पिंजऱ्यात एकटा बसलेला उंदीर कोणाचा साहेब आणि कोणाचा शिपाई? त्यांना वस्ती हवी. म्हणून दोन मोठ्या पेट्या करून घेतल्या. बीरगांवच्या एका वेल्डर भैयाने, कारखान्याला सुट्टी असेल तेव्हा येऊन, त्या बनवल्या. अर्धी पेटी म्हणजे उघडं मैदान, तिथे दाणापाणी. अर्धी पेटी म्हणजे बोगदे आणि अंधाऱ्या खोल्या, वरून काच, म्हणजे आपल्याला डोकावता येतं. वेल्डर भैया काम करता करता विचारता झाला, "दीदी, इसमें रहेगा कौन?" मी आपली सहज म्हणाले, "चार मर्द और दो औरतें." त्याच्या हातातलं काम थांबलं. माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने "चूहे, चूहे!" म्हणाले. मग तो खाली बसून हसला आणि चहा होईपर्यंत हसतच होता.

एक पेटी खिडकीकडे ठेवली, एक भिंतीकडे. दोन्हींत चार नर, दोन माद्या. पांढरे उंदीर सगळे सारखे दिसतात, म्हणून पिवळ्या रंगाने खुणा करतात. एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीच्या मुळाशी, आणि एक कोरा. त्यांना नावं देऊ नयेत असा आमच्याकडे नियम. कारण पुढे जे करायचं असतं ते नाव ठेवलेल्या जीवाला करणं जड जातं. मी आयुष्यभर नियम पाळले, हा एक सोडून. खिडकीकडच्या पेटीत थोड्याच दिवसांत कोण कोण आहे ते उघड झालं. डोक्यावर पिवळा, तो कलेक्टर. पाठीवरचा, नायब. शेपटीवरचा, पटवारी, म्हणजे तुमचा तलाठी. आणि कोरा बिचारा कोटवार. कोटवार म्हणजे आमच्या छत्तीसगडातला गावचा राखणदार, ज्याला येता जाता कोणीही काम सांगतं.

हे ओळखायचं कसं ते ऐका. जखमा पाहायच्या. जो हरतो तो पळतो आणि पळणाऱ्याला मागून चावे बसतात, पाठीवर आणि शेपटीवर. जो जिंकतो त्याला लागलंच तर तोंडावर लागतं. मग वजन करायचं. वरचा तसाच राहतो, खालचे रोडावतात. आणि चाल पाहायची. कलेक्टर मैदानाच्या मधोमध चालायचा, जणू बंगल्याच्या अंगणात फिरून राहिला आहे. कोटवार भिंतीला अंग घासत, कडेकडेने. पाणी प्यायला कलेक्टर पहिला, मग बाकीचे, आणि कोटवार सगळ्यांचं झाल्यावर इकडे तिकडे पाहत. मोठी खोली आणि दोन्ही माद्या कलेक्टरकडे. उरलेले तिघे एका अडचणीच्या बोगद्यात, एकमेकांच्या अंगावर पाय देऊन. हे पाहून मी ऑफिसात गेले की मला कॉरिडॉरमध्ये सगळ्यांच्या चाली दिसू लागायच्या. डोळ्यांना वाईट सवय लागली ती लागलीच.

आता महत्त्वाची गोष्ट. ही सगळी उतरंड टिकते वासावर. कलेक्टरने जागोजागी आपला वास सोडलेला असतो, तीच त्याची पाटी. म्हणून असली पेटी साफ करताना सगळा भुसा कधीच बदलत नाहीत. ओला काढायचा, जुना दोन मुठी राहू द्यायचा, आणि साध्या पाण्याच्या फडक्याने पुसायचं. फिनाईलचा थेंब नाही. खेमलाल म्हणून आमचा सफाईचा माणूस होता, मोठा गुणी. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हव दीदी, समझ गेंव." आणि त्याने ते चोख पाळलं, जोवर त्याच्या हातात होतं तोवर.

आमचे विभागप्रमुख चतुर्वेदी सर हे अश्विनीचे गाईडही होते. नव्या राज्यात त्यांना बढती मिळाली होती. मोठी केबिन, एसी, दारावर पितळेची पाटी. विद्वान माणूस, खोटं कशाला बोलू. पण अश्विनीचा विषय त्यांना फारच आवडला होता. प्रत्येक कार्यक्रमात, मग तो झाडं लावायचा का असेना, माईक हातात आला की म्हणायचे, "हमारे यहां शोध चल रहा है, जो ऊपर होता है, दिमाग उसी का बढ़ता है." लोक टाळ्या वाजवायचे. पहिल्या रांगेतले जरा जास्त वाजवायचे.

एकदा चहाच्या वेळी मला राहवलं नाही. मी विचारलं, "सर, पेटी में डालते समय तो चारों एक जैसे थे ना? मतलब दिमाग ऊपर पहुंचने के बाद बढ़ता है. पहुंचने के लिए नहीं लगता?" सर कपात पाहत म्हणाले, "वानखडे मैडम, आप स्लाइड काटिए." अश्विनी टेबलाखालून माझा पाय दाबून राहिली होती.

उतरंड बसली तशी अश्विनीने सगळ्यांना सुई दिली. त्या औषधाची गंमत अशी की ते त्याच वेळी जन्मणाऱ्या पेशींतच शिरून बसतं. पुढे मेंदूचे पातळ काप करून रंगवले की त्या पेशी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. मग मोजायच्या. पण सुई आणि मोजणी यांच्या मध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण पेशी टिकतात की नाही हेच तर पाहायचं असतं. आणि तेवढे दिवस पेटीत सगळं जसंच्या तसं राहायला हवं. अश्विनीची फेलोशिप संपत आली होती. आणखी उंदीर मिळणार नव्हते. बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली होती, पण थिसिस उन्हाळा संपायच्या आत दाखल झाला तरच. कित्येक वर्षांची मेहनत त्या दोन पेट्यांत बसली होती.

नेमक्या त्या दिवसांत मी भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेले. परत आले, प्राणिगृहाचं दार उघडलं आणि नाकात फिनाईल शिरलं.

माय वो! फरशी चकचकीत. भिंतीला चुना. खिडकीला नवा पडदा. आणि खिडकीकडची पेटी अशी घासून पुसून ठेवलेली की वेल्डर भैयाने कालच आणून दिली असावी. आत एक काडी जुना भुसा नाही. आणि काचेखाली नुसता हलकल्लोळ.

"खेमलाल!" मी ओरडले.

तो हसत हसत आला. शाबासकी घ्यायलाच आला होता बिचारा. "मंत्रीजी आए रिहिस दीदी. साहब ह कहिस, सब ल फिनाइल म धो, त धो देंव. चूहा मन ल घलो पोंछ देंव."

उंदीरसुद्धा पुसले होते! मी धावत भिंतीकडच्या पेटीकडे गेले. ती तशीच होती, मळकी, वासाची, आणि आत सगळे आपापल्या जागी झोपलेले. मी विचारलं, "ही काहून नाही धुतली?"

खेमलाल ओशाळला. "फिनाइल सिरा गे दीदी. नइ त वोहू ल धो देतेंव."

फिनाईल संपलं, म्हणून अर्धं विज्ञान वाचलं. स्टोअरवाल्याने मागणीपेक्षा कमी बाटल्या दिल्या होत्या. त्या माणसाशी मी पूर्वी त्याच सवयीवरून भांडत असे. त्या दिवसानंतर कधी भांडले नाही.

अश्विनी पेटीसमोर स्टुलावर बसून होती. रडून चष्मा ओला झालेला. तिने सांगितलं की तिने सरांना हात जोडले, पण सर म्हणाले, मंत्रीजी नाक दाबून बाहेर गेले तर विभागाचं काय राहील? आणि मंत्रीजी आले, दोन मिनिटं उभे राहिले, काचेतून पाहून विचारलं, "काटते हैं क्या?" सर म्हणाले, "नहीं सर." मंत्रीजी गेले. झालं.

पेटीत मात्र त्या दिवसापासून राज्य बुडालं. वास गेला तसा कलेक्टर कलेक्टर राहिला नाही. पहिल्यांदा नायब त्याच्यावर चढून गेला. मग पटवारीने नायबाला लोळवलं. मग कलेक्टरने पुन्हा जोर केला, पण पूर्वीची जरब काही आली नाही. कोटवारसुद्धा एक दिवस मोठ्या खोलीत जाऊन बसला आणि तिथून मार खाऊन परत आला. रोज नवा साहेब. चौघांच्या अंगावर पुढून मागून जखमा, सगळ्यांची वजनं उतरलेली, आणि मधोमध कोणीच चालेना. चौघेही भिंतीला घासून जात होते. खिडकीतून बाहेर पाहिलं तर ऑफिसच्या व्हरांड्यात पुन्हा पाट्या बदलून राहिल्या होत्या. मला एकीकडे हसू यायचं आणि एकीकडे या पोरीचं काय होईल म्हणून मी देवाला नारळ बोलायची.

मग ते पुढचं काम करायची वेळ आली. आमच्यात त्याला इंग्रजीत बलिदान या अर्थाचा शब्द वापरतात. मला तो शब्द कधी आवडला नाही. बलिदान देणाऱ्याला कोणी विचारलेलं असतं, यांना कोणी विचारलं? आम्ही मारतो, तर मारलं म्हणावं. औषध देऊन, दुखू न देता, पण मारतोच. कलेक्टरला मी स्वतः हातात घेतलं. त्या धामधुमीनंतरही तो माझ्या तळहातावर आला की डोळे मिटायचा. त्या दिवशीही मिटले. मी बाजूच्या खोलीत जाऊन रडले आणि मग तोंड धुऊन काप करायला बसले. नाव ठेवू नये म्हणतात ते यासाठीच.

मेंदूचे काप म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ते पाण्यात तरंगतात, बारीक ब्रशने काचेवर घ्यायचे. कोणती काच कोणाची हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं, नाहीतर मन आपल्याला हवं ते मोजतं. म्हणून मी प्रत्येक काचेवरचं नाव चिकटपट्टीने झाकून द्यायची. अश्विनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दिवसच्या दिवस ठिपके मोजत बसली. शेवटी पट्ट्या काढल्या.

भिंतीकडच्या पेटीत वरच्या उंदराच्या मेंदूत नव्या पेशी भरपूर टिकल्या होत्या, खालच्यांच्या कमी. म्हणजे सर सांगत तसंच. आणि खिडकीकडच्या पेटीत? कोणाच्याच टिकल्या नव्हत्या. शेवटी जो वर होता त्याच्याही नाही, जो खाली होता त्याच्याही नाही. सगळे सारखे कंगाल.

अश्विनीने पुन्हा मोजलं. तेच. मग ती माझ्याकडे एकटक पाहत हळूहळू म्हणाली, "काकू, ऊपर होने से कुछ नहीं होता. ऊपर टिके रहने से होता है. और जहां रोज कुर्सी हिलती है, वहां किसी का दिमाग नहीं बढ़ता." बोलता बोलता तिचा चेहरा उजळला. मला म्हणाली, ही बिघडलेली पेटी नाहीच, हीच तर खरी पेटी आहे. मी तिला जवळ घेतलं. पोट्टीने राखेतून सोनं काढलं होतं.

सरांना ते सोनं दिसलं नाही. त्यांनी थिसिसमधल्या त्या प्रकरणाची पानं उलटली आणि ते बाजूला ठेवलं. म्हणाले, "खिडकी वाली पेटी हटा दो. लिख दो, संक्रमण से जानवर नष्ट हुए." कारण उघड होतं. ती पेटी ठेवायची तर ती का हलली हे लिहावं लागणार, आणि ते लिहिलं की फिनाईल आलं, आणि फिनाईल आलं की हुकूम कोणाचा हे आलं. वर प्रत्येक कार्यक्रमात माईकवरून सांगितलेल्या त्या वाक्याचं काय होणार ते वेगळंच.

अश्विनी उभीच होती. म्हणाली, "सर, वो बीमारी से नहीं मरे. मैंने मारा है. मारने के बाद झूठ कैसे लिखूं?"

"तो मैं दस्तखत नहीं करूंगा," सर म्हणाले.

सही नाही म्हणजे थिसिस नाही. थिसिस नाही म्हणजे बेंगळुरू नाही. मी तिला बाहेर आणून पाणी दिलं. मी म्हटलं, "पोरी, तुले पाहिजे तर काढून टाक. कोणी नाव नाही ठेवणार तुले." तिने मान हलवली आणि पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली, "नाही काकू. कलेक्टरची गोष्ट लिहिल्याशिवाय मी नाही जाणार." मी डोळ्याला पदर लावला. असा हट्ट माझ्या पोरांनी धरला असता तर मी धपाटा घातला असता, पण हिला काय म्हणणार?

दिवस जात होते. उन्हं तापू लागली. आणि मग आमच्या संस्थेतच फिनाईल फिरलं.

बाहेरून नवे संचालक आले. त्यांनी दोन विभाग एक केले आणि त्या एका विभागाचा प्रमुख म्हणून आपल्यासोबतचा, सरांपेक्षा पुष्कळ लहान माणूस बसवला. सकाळी पितळेची पाटी होती, दुपारी तिच्या जागी चार भोकं. एसी गेला, केबिन गेली. रिकामी खोली एकच होती, प्राणिगृहाला लागून, जिथे आम्ही भुशाची पोती ठेवायचो. खेमलालने पोती काढली आणि तिथे सरांचं टेबल लागलं.

मला खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मजा वाटली. मनातल्या मनात मी लाडू वाटले. मग मात्र डोळ्यांची ती वाईट सवय आड आली. चहाची किटली यायची तेव्हा सर आता सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचे आणि मग इकडे तिकडे पाहत कप उचलायचे. कॉरिडॉरच्या मधून चालणारा माणूस भिंतीच्या कडेने चालू लागला. खांदा चुन्याने पांढरा व्हायचा. घरच्यांनाही सांगितलं नसावं, कारण डबा पूर्वीसारखाच ऐटीत दोन भाज्यांचा यायचा आणि तसाच परत जायचा. ते पाहून माझी मजा विरून गेली. कोणाचंही असं पाहणं बरं नाही.

एक दिवस ते प्राणिगृहात आले. भिंतीकडच्या पेटीत दुसऱ्या कोणाचे उंदीर होते. काचेतून बराच वेळ पाहत राहिले. कडेने सरकणाऱ्या एका रोड उंदराकडे बोट करून म्हणाले, "वानखडे मैडम, इसका आगे क्या होता है?"

मी म्हटलं, "कुछ नहीं सर. खाता है, पीता है, जीता है. बस, कोने में बैठता है."

ते वळले. जाताना दारात थांबून म्हणाले, "भोयर को कहिए, थीसिस लेकर आए."

अश्विनी आली तेव्हा मीही भुशाचं एक पोतं न्यायचं राहिलं असं निमित्त काढून आत गेले. निमित्त सरांना कळलं असावं, पण त्यांनी "बैठिए" म्हटलं. त्यांनी खिडकीकडच्या पेटीचं प्रकरण उघडलं आणि पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. यापूर्वी त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं, हे तेव्हा मला कळलं. वाचताना एकदा ओठ हलले, एकदा चष्मा काढून पुसला. खोलीत भुशाचा वास होता आणि पंख्याचा आवाज. अश्विनीचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले.

एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिथे अश्विनीने लिहिलं होतं, पेटी निर्देशानुसार फिनाईलने धुण्यात आली.

"किसके निर्देश पर? ये नहीं लिखा."

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

सरांनी खिशातून पेन काढलं. थिसिस इंग्रजीत होता, त्यांनी समासात इंग्रजीतच लिहिलं, पण लिहिता लिहिता मोठ्याने हिंदीत बोलत होते. "विभागाध्यक्ष के... मौखिक आदेश पर." पेन थांबलं. त्यांनी लिहिलेलं पुन्हा वाचलं. मग विभागाध्यक्ष या शब्दाच्या आधी एक छोटी खूण करून वर आणखी एक शब्द घातला आणि तोही मोठ्याने म्हणाले, "तत्कालीन."

मग पान उलटून त्यांनी सही केली.